दाराजवळची खुर्ची

आपल्याकडे कुठे डॉक्टरला मारहाण झाली की मेडिकलच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी मला, इंग्लंडमधल्या डॉक्टरला, हमखास विचारतं, "तुमच्याकडे असं होत नसेल ना गं?" होतं. शनिवारी रात्री इंग्लंडमधल्या कुठल्याही इमर्जन्सीत येऊन बसा. दारू प्यायलेला माणूस थुंकतो, चावतो, सिस्टरचा हात पिरगळतो. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वार्षिक पाहणीत साधारण सातांतला एक कर्मचारी सांगतो की वर्षभरात रुग्णाने, नातेवाइकाने किंवा बाहेरच्या कुणीतरी आपल्यावर हात उचलला. २०१८ मध्ये इथे अशा हल्ल्यांसाठी खास कायदा झाला, त्यातली वर्षभराची कैद २०२२ मध्ये दोन वर्षांवर नेली. पण मारणारा कायदा वाचून येत नाही. महाराष्ट्राच्या २०१०च्या कायद्यात तर तीन वर्षांची तरतूद आहे. त्याने धुळ्यात काही अडलं नाही.

मार्च २०१७, धुळ्याचं सरकारी रुग्णालय. डोक्याला मार लागलेला पेशंट, न्यूरोसर्जन नाही, आणि "दुसरीकडे न्या" हे सांगायला पुढे कोण, तर हाडांच्या विभागातला निवासी डॉक्टर. मार त्याने खाल्ला, डोळा त्याचा गेला. राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, मग रुग्णालयांत सुरक्षा बलाचे जवान आले. चर्चा जवानांचीच झाली, न्यूरोसर्जनची नाही.

इथे इंग्लंडमध्ये वाईट बातमी सांगायला वेगळी खोली असते. चार खुर्च्या, टिश्यूचा डबा, भिंतीवर फिकं चित्र. मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, दाराजवळच्या खुर्चीत बसायचं, वेळ आली तर बाहेर पडता येतं. मला हसूच आलं. एवढा शिष्टाचार, आणि पळायची वाटही आधीच ठरवलेली! सोबत एक सिस्टर, आणि आपला पेजर तेवढा वेळ दुसऱ्याकडे.

भारतात रेसिडेन्सीत मी मृत्यू जिन्यावर सांगितलाय, हातात पुढच्या पेशंटचा केसपेपर धरून. ज्याला सांगितलं तो मुलगा रात्रभर धावत होता. चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलला, तिथून रक्तपेढीत, परत आला तर स्ट्रेचर ढकलायला, कारण वॉर्डबॉय एकच. त्याने माझी कॉलर धरली. मला त्याचा आलेला राग गेला असं म्हणणार नाही, अजून येतो. पण रात्रभर आम्ही त्याला बिनपगारी राबवलं आणि आई गेल्याचं अर्ध्या मिनिटात उरकलं. इथला नातेवाईक चहाचा कप घेऊन नुसता बसतो. आठ-आठ तास बसतो, चिडतो, शिव्याही देतो. पण रक्ताची पिशवी आणायला आपल्याला उशीर झाला म्हणून ती गेली, हे त्याच्या मनात येण्याचं कारणच नसतं.

२०२४ मध्ये कोलकात्याच्या आरजी कर रुग्णालयातल्या खुनानंतर पुन्हा केंद्रीय कायदा, कॅमेरे, रक्षक या मागण्या झाल्या. व्हायलाच हव्यात, तिथे तर ड्यूटीवरची डॉक्टर गेली. ग्रुपवर मी फक्त लिहिलं, त्यात आणखी एक ओळ घाला: प्रत्येक पाळीला एक जादा वॉर्डबॉय आणि दार लागणारी एक खोली.

हसणारे चेहरे आले. एकाने लिहिलं, "खोली मिळाली तर अधीक्षक तीत दोन खाटा टाकतील."

टाकतील खरं.