शनिवार-रविवार सोडून

अलिबागला भाड्याने घर मिळत नाही, ही तक्रार खोटी आहे. घर मिळतं. सोमवारी सकाळपासून शुक्रवारी दुपारपर्यंत हवं तिथं, झावळ्यांच्या सावलीसकट मिळतं. अडचण एवढीच की भाडेकरू शनिवारीही जिवंत असतो.

पर्यटकाच्या लेखी अलिबाग म्हणजे किनारा. सरकारच्या लेखी ते रायगड जिल्ह्याचं ठाणं. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल, सगळं इथं. बदलीची ऑर्डर घेऊन उतरणाऱ्या कारकुनाला, नर्सबाईंना, मास्तरांना दोन खोल्या आणि आत संडास-बाथरूम एवढंच हवं असतं. निरोप समारंभात मात्र सगळे म्हणालेले असतात, ‘समुद्रावर चाललात, मजा आहे बुवा!’

मालकाला लोभी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याचं गणित एकदा मांडून बघा. समजा, दोन खोल्या महिना नऊ हजारांनी दिल्या. त्याच खोल्यांत एसी बसवला, जादा गाद्या टाकल्या, फाटकावर ‘कॉटेज’ची पाटी ठोकली आणि रात्रीचे चार हजार घेतले, तर शुक्रवार-शनिवारच्या आठ रात्रींचे होतात बत्तीस हजार. त्यातून धुणं, मावशींचा पगार, वीज, बुकिंगचं कमिशन आणि दर महिन्याला तुटणारा एक शॉवर वजा करा. निम्मे उरले तरी सोळा. शिवाय उरलेले पाच दिवस ‘काका, नळ गळतोय’ म्हणत दारात कोणी उभं नाही. या आकड्यांपुढे मीही नर्सबाईंना ‘बघतो, कळवतो’ असंच म्हटलं असतं.

मुंबईतून इथं बिऱ्हाड हलवण्याची चाल तशी जुनी. कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला विजेच्या ट्राम बाधणार असं दिसलं, म्हणून १९०४ साली तिची सोय अलिबागला केली. शंभरावर वर्षं झाली, तिने रात्री दोनला गाणी लावली नाहीत की गाडी कोणाच्या फाटकासमोर आडवी घातली नाही. असा पाहुणा पुन्हा झाला नाही. त्यानंतरचे येतात ते वडखळ, पोयनाड, कार्लेखिंडीतली रांग काढून, नाहीतर मांडव्याच्या बोटीने. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाड्या वाहणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून माणूस गाडीसकट उतरतो. रस्ता होता तेवढाच आहे.

तर घर ठरवायचं कधी? जूनमध्ये. गेटवेच्या लाँच पावसाळ्यापुरत्या बंद होतात, समुद्र खवळतो, कॉटेजच्या भिंतींना ओल येते आणि मालकाचा आवाज मऊ होतो. ‘तुम्ही घरच्यासारखेच’ हे वाक्य फक्त जून-जुलैमध्ये ऐकू येतं. पण घर पाहायला मात्र मेमध्ये जा. वर्सोली, नागाव, आक्षी, कुठेही किनाऱ्यालगतची विहीर पावसाळ्यात गोडच लागते, कारण वरचं पाणी पावसाचं असतं. उन्हाळ्यात तीच विहीर पंप लावून उपसली की खारं पाणी आत सरकतं. म्हणून मेमध्ये जाऊन काकूंकडे चहा मागावा. चहा मचूळ लागला तर डाळही शिजायची नाही आणि गीझरची कॉइलही टिकायची नाही. चहा हसत संपवावा, भाडं हजाराने कमी सांगावं.

पुढे करार. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, ही समजूत गावोगाव आहे आणि चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदत राहू देण्याचा करार, लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. दहा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट धरलं तर स्टॅम्प ड्यूटी तीनशेच्या आसपास. एवढ्यासाठी मालक ‘कशाला उगाच खर्च’ म्हणत असेल, तर त्याच्या मनात डिसेंबर आहे. नाताळ ते थर्टी फर्स्ट या आठवड्यात खोली रिकामी करून मागायची, असा तो बेत असतो. म्हणून लॉक-इनची, म्हणजे मध्येच घर सोडायला न लावण्याची मुदत जानेवारी ओलांडेल अशी लिहून घ्यावी आणि ‘शनिवार, रविवार व सर्व सुट्ट्या धरून’ हे शब्द आग्रहाने घालावेत. टायपिंगवाला हसतो. हसू द्यावं.

आता खरी गोष्ट, जी कोणताही एजंट दाखवत नाही: सेप्टिक टँक. सी-व्ह्यू दाखवायला तो पाहुण्याला गच्चीवरच्या टाकीवरसुद्धा चढवील, पण अंगणातलं झाकण उघडणार नाही. ही सेप्टिक टाकी बांधलेली असते आजी-आजोबांच्या काळात, घरच्या पाच-सहा माणसांसाठी. शेजारच्या कॉटेजात शनिवारी वीस जण उतरतात, सगळ्यांना एकाच वेळी आंघोळ हवी असते. मळ खाली बसायला वेळच मिळत नाही, तो तसाच शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीचं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात जातो. त्यात रविवारी मावशी बाटलीभर फिनेल ओतून टाकीतले उपयोगी जंतू मारतात, आणि ओले टिश्यू चेंबरच्या वाकणात बोळा करून बसतात. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं, म्हणजे शोषखड्डा शोषणार कुठे? विहिरीपासून तो निदान पन्नास फूट लांब हवा. वाटण्या होऊन वाडीचीच रुंदी तेवढी राहिलेली नसते. म्हणून घर बघायला रविवारी संध्याकाळी जावं, वारा कुठून येतो ते पाहावं आणि मैला उपसणारा टँकर किती महिन्यांनी येतो हे मालकाला न विचारता समोरच्या दुकानदाराला विचारावं.

एवढं सगळं जमलं तरी गणपती उरतात. मालकाचे भाऊ, चुलते, त्यांची मुलं-सुना मुंबई-ठाण्याहून उतरतात आणि वहिनी दारात येऊन म्हणतात, ‘पाच दिवस तुमच्या बाहेरच्या खोलीत पोरं झोपतील, चालेल ना?’ याला कलम ५५ लागत नाही. चटया स्वतःहून काढून द्याव्यात, बाथरूमचा नंबर पहाटे पाचचा घ्यावा, आणि मोदक किती येतात त्यावर पुढच्या वर्षीच्या भाडेवाढीचा अंदाज बांधावा.