रस्ता रुंद कराच, पण मोरी आणि साईडपट्टीसकट करा

आपल्या गावापासून हायवेपर्यंतच्या रस्त्याचं रुंदीकरण मंजूर झाल्यापासून गावच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते रस्ता झालाच पाहिजे, जो आडवा येईल तो गावाचा दुश्मन, दुसरी म्हणते आमच्या बांधाला हात लावून तर बघा. मला दोघांशी बोलायचंय म्हणून पोस्ट मोठी होईल, पण पूर्ण वाचा, कारण एकदा डांबर पडलं की पुढे कित्येक वर्षं कोणी ऐकून घेत नाही.

माझं मत आधीच सांगतो. रस्ता रुंद व्हायलाच पाहिजे. आत्ताचं डांबर ३.७५ मीटर आहे, म्हणजे एकेरी. ट्रक किंवा एसटी कायद्याने २.६ मीटरपर्यंत रुंद असू शकते, दोन समोरासमोर आल्या तर नुसत्या गाड्यांनाच ५.२ मीटर लागतात. मग दरवेळी कोणीतरी खाली उतरायचं, आणि मोठी गाडी काही पूर्ण उतरत नाही, उतरतो तो मोटरसायकलवाला, मागे बायको, मधे पोरगं, हँडलला बाजाराची पिशवी. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली तेव्हा मुद्दा एवढाच होता की पावसाळ्यात गाव तुटू नये, आणि ते काम या रस्त्यांनी केलं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आज त्याच रुंदीवरून केळीचे ट्रक, उसाच्या डबल ट्रॉल्या, जिनिंगला कापूस नेणाऱ्या आयशर, शाळेच्या व्हॅन आणि पहाटे मजूर भरून निघालेल्या पिकअप असं सगळं चाललंय. चोपडा, यावल, रावेर हा सगळा केळीचा पट्टा, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, माल दिल्लीपर्यंत जातो, पण शेतातून निघताना पहिले पाच-सात किलोमीटर तो असल्याच रस्त्याने जातो.

आता मेन मुद्दा. मंजूर झालंय ते साडेपाच मीटर. दोन ट्रकचे ५.२ वजा केले की उरले ३० सेंटीमीटर, म्हणजे साडेपाचवर पण क्रॉसिंगला चाक डांबराच्या काठावर किंवा खाली जाणारच. म्हणून साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या दोन्ही बाजूची कच्ची पट्टी, कशी होणार हा प्रश्न डांबराच्या रुंदीएवढाच मोठा आहे आणि ग्रुपवर त्याबद्दल एक मेसेज नाही.

आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्त्याचा काठ दरवर्षी या फुगण्या-आकसण्यात सापडतो, डांबराला लांबच्या लांब चिरा जातात, काठ तुटतो, आणि साईडपट्टीवर मुरूम न टाकता शेजारचीच काळी माती ओढून टाकली असेल तर पहिल्या पावसात तिचा चिखल होतो, दुसऱ्या पावसापर्यंत ती वीतभर खाली बसते. मग डांबर वर आणि पट्टी खाली. चारचाकीला त्याचं फार वाटत नाही पण मोटरसायकलचं चाक त्या काठावरून घसरलं आणि माणसाने घाबरून हँडल परत वर ओढलं की गाडी आडवी, आणि मागून येणाऱ्याला थांबायला जागा नाही. आपल्या रस्त्यावर पडलेली किती माणसं अशीच पडलीत ते ज्याच्या त्याच्या घरी विचारा. कागदावर ग्रामीण रस्ता ३.७५ चाच नसतो, दोन्ही बाजूच्या पट्ट्या धरून साडेसात मीटर असतो. ती पट्टी कधी नीट झालीच नाही, झाली असती तर आज निम्मी ओरड कमी असती. म्हणून मागणी ही करा की साईडपट्टी मुरमाची, पाणी मारून रोलरने दाबलेली, डांबराच्या लेव्हलला, आणि बिलात ती वेगळी दिसली पाहिजे.

दुसरी गोष्ट मोऱ्यांची, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला केलेल्या छोट्या पुलांची, आणि याची मला जास्त भीती वाटते. बऱ्याच ठिकाणी बघितलंय, डांबर रुंद करतात पण मोऱ्या आणि नाल्यावरचे फरशी पूल जुनेच ठेवतात कारण तिथे खर्च येतो. आज रस्ता अरुंद आहे तर ड्रायव्हर आधीच स्लो असतो. उद्या साडेपाच मीटरवर साठच्या स्पीडने येणाऱ्याला अचानक साडेतीन-चार मीटरची मोरी लागली, तेही रात्री, समोरून लाईट डोळ्यात, आणि कठड्याला ना पांढरा पट्टा ना रिफ्लेक्टर, तर तो काय करेल? ४० वरून ६० वर गेलं की ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पट होतं, हे साधं गणित आहे. असं अर्धवट रुंदीकरण आत्ताच्या रस्त्यापेक्षा जास्त माणसं मारेल. आपल्या रस्त्यावरच्या सगळ्या मोऱ्या रुंद होणार नसतील तर निदान सहा महिने थांबा आणि अंदाजपत्रक दुरुस्त करून घ्या असं मी सरळ म्हणतो, भले मला कोणी काही म्हणो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला, आठवतंय ना सगळ्यांना. रात्रीची वेळ, रावेर तालुक्यातले पंधरा-सोळा मजूर गेले, बाया होत्या, लेकरं होती. तो बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आपल्या रस्त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मोठ्या रस्त्यावर पण माणसं जातात हे लक्षात ठेवून बोला. माणसं मालाच्या गाडीतून का प्रवास करतात हा एक वेगळा आणि फार दुखरा विषय आहे, त्यावर परत कधीतरी लिहीन.

केळीवाल्या भावांना पण एक विनंती. पावसाळ्यात ट्रक शेतात जात नाही हे मला माहिती आहे, काळ्या जमिनीत गेला की तो निघत नाही, म्हणून माल डोक्यावर आणून रोडवरच भरावा लागतो आणि गाडी अर्धी डांबरावर उभी राहते. अंधार पडल्यावर तीच गाडी लोकांना दिसत नाही. रुंदीकरणात दर किलोमीटरला दोन-तीन ठिकाणी माल भरायला मुरमाची जागा काढून घेतली तर हा प्रश्न सुटतो, डांबराच्या मानाने खर्च काहीच नाही. आणि ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा रे बाबांनो, ती कितीची येते.

आता जमिनीचं. रस्त्याला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांना विरोधक म्हणणं बंद करा. गावातले एक आप्पा सभेत एवढंच म्हणाले, "रस्ता व्हवालेच जोयजे, पन पहिले मोजनी करा." यात चुकीचं काय आहे? कित्येक रस्ते मूळच्या गाडवाटेवर झाले, जमीन रस्त्यात गेली पण सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याच्याच नावावर क्षेत्र दिसतं, शेतसारा तो भरतो. हद्द कुठून कुठे हे भूमी अभिलेखची मोजणी झाल्याशिवाय ना तुम्हाला माहिती ना मला. मोजणीत जागा रस्त्याचीच निघाली आणि आपण पेरत आलो असू तर गुपचूप सोडायची, आणि जास्तीची लागत असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पैसे मिळालेच पाहिजेत. हिमाचलमधल्या एका म्हाताऱ्या बाईची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी अशीच घेतली होती, मोबदला न देता, आणि सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये निकाल दिला की सरकार असं करू शकत नाही, पैसे द्या. पन्नास वर्षं गेली त्या बाईची. आपल्या आप्पांवर ती वेळ नको. संमतीपत्रावर सही मागायला कोणी आलं तर आधी वाचा, किती फूट आणि कुठल्या गटातली ते लिहिलेलं असल्याशिवाय सही करू नका.

अजून एक, जे शेतकऱ्यालाच सुचेल. रस्त्याच्या एका बाजूला विहीर आणि दुसऱ्या बाजूला शेत असं निम्म्या गावाचं आहे. नवीन रस्ता झाला की सहा महिन्यात पाईपलाईनसाठी कोणीतरी तो आडवा खोदतो, माती भरतो, तिथे खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याला चुकवताना गाडी समोरच्याच्या अंगावर जाते. खोदणाऱ्याची पण अडचण खरी आहे, पाणी न्यायचं कसं त्याने. तर डांबर पडायच्या आधीच ठिकठिकाणी रस्त्याखालून आडवे सिमेंट पाईप टाकून ठेवायला सांगा, ज्याला लाईन न्यायची तो त्यातून नेईल.

झाडांबद्दल भांडण नको. वळणावर आतल्या बाजूची काटेरी बाभूळ आहे ती बिनधास्त काढा, समोरचं दिसत नाही तिच्यामुळे. पण जुने निंब आहेत ते एका रांगेत एकाच बाजूला आहेत, तर रस्ता दोन्हीकडून सारखा न वाढवता दुसऱ्या बाजूने वाढवा, असं करता येतं आणि करतात पण. फक्त त्या बाजूच्या शेतकऱ्यांशी आधी बोलायचं आणि जास्त जमीन त्यांची जाते तर पैसे त्यांना जास्त मिळालेच पाहिजेत. चैत्रात वणीला सप्तशृंगीला पायी निघालेली माणसं याच रस्त्याने जातात, बाया डोक्यावर पदर घेऊन चाळीस-बेचाळीसच्या उन्हात चालतात, त्यांना बसायला सावली तेवढीच आहे.

गावातला पट्टा, म्हणजे शाळेपासून एसटी थांब्यापर्यंत, तिथे मला गाड्या फास्ट जायला नकोच आहेत. तिथे काँक्रीट, दोन्ही बाजूला झाकलेली गटार म्हणजे त्याच्यावरून पोरं चालतील, आणि गतिरोधक मापाचे. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, ३.७ मीटर लांब आणि मधे १० सेंटीमीटर उंच, गोलसर. रात्रीतून रचलेला उभा ढिगारा नको, त्यावर मागे बसलेली बाई उडून पडते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९८-अ आलंय. रस्त्याच्या डिझाईनमध्ये किंवा बांधकामात सुरक्षेचे नियम पाळले नाहीत आणि त्यामुळे माणूस गेला किंवा जायबंदी झाला तर ठेकेदार, सल्लागार, संबंधित यंत्रणा यांना १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी आधी काय ठरलं होतं ते आपल्या हातात पाहिजे. म्हणून अंदाजपत्रक आणि नकाशाची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी १० रुपयांचं तिकीट लावून दिलाय, ३० दिवसात उत्तर यायला पाहिजे. तोपर्यंत येत्या रविवारी सकाळी आम्ही काही जण टेप घेऊन हायवेच्या फाट्यापासून गावापर्यंत प्रत्येक मोरीची रुंदी मोजून वहीत लिहिणार आहोत. दोन्ही पार्ट्यांनी या. ज्यांची शेतं लागून आहेत त्यांनी तर नक्की या, तुमची पाईपलाईन कुठून जाते ते पण त्याच वहीत लिहून घेऊ आणि ग्रामसभेत सगळ्यांच्या सह्यांनी ठराव मांडू.