सेटचा क्रम डॉक्युमेंट करताय? बिनधास्त करा

तुमच्या फंक्शनमधून पायथनचा सेट (एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा डबा) बाहेर पडतो आणि त्यातले आयटम कुठल्या क्रमाने येतील ते डॉक्युमेंटमध्ये लिहा असं टीम लीडने सांगितलंय ना, मग टेन्शन कसलं घेताय. पायथनवाले सेटला अनऑर्डर्ड, म्हणजे क्रमाची हमी नसलेला म्हणतात, म्हणू देत. आपण आपल्या लॅपटॉपवर एकदा रन करायचं आणि जे दिसेल ते छापायचं.

सुरुवात आकड्यांनी करा. ३, १, २ टाकले, प्रिंट केलं, १, २, ३ आलं. झालं की! लिहा, "सेट आपोआप सॉर्ट होतो." मग कुणीतरी चोंबडा १०, ३, ८ टाकून बघणार आणि त्याला ८, १०, ३ दिसणार. तरी डगमगू नका. छोट्या सेटमध्ये आठ खण असतात आणि छोट्या पूर्णांकाचा हॅश (कुठल्या खणात बसायचं ते ठरवणारा नंबर) म्हणजे तो आकडाच, त्याला आठने भागून जी बाकी उरेल त्या खणात तो जाऊन बसतो, म्हणजे ८ ची बाकी शून्य म्हणून तो पहिला, मग १०, मग ३. म्हणून वाक्य बदला, "क्रम आठच्या बाकीप्रमाणे." त्यात अजून ५ आणि ९ टाकले की खण वाढतात आणि मंडळी परत शहाण्यासारखी ३, ५, ८, ९, १० अशी लायनीत उभी राहतात, पण हे कशाला लिहायचं, वाचणारा उगाच गोंधळतो.

स्ट्रिंगचा, म्हणजे शब्दांचा, मात्र वैताग आहे. पोहे, उपमा, मिसळ असा सेट घ्या, प्रोग्राम बंद करून परत चालवला की कधी मिसळ पुढे कधी पोहे. २०१२ च्या पायथन ३.३ पासून स्ट्रिंगच्या हॅशमध्ये रँडम सीड, म्हणजे दर रनला बदलणारा आकडा, घालतात, कारण मुद्दाम एकाच खणात कोंबल्या जातील अशा स्ट्रिंग पाठवून सर्व्हर आडवा करता येत होता. तुम्ही सरळ हॅश सीड शून्यावर फिक्स करा, सर्व्हरचं सिक्युरिटीवाले बघतील.

कुणी वाद घातलाच तर डिक्टचा (पायथनचा नाव-किंमत जोड्यांचा डबा) दाखला द्या. ३.६ मध्ये डिक्ट टाकलेल्या क्रमाने आयटम द्यायला लागला, डॉक्स सांगत होते यावर विसंबू नका, लोक विसंबलेच, आणि २०१८ च्या ३.७ मध्ये तोच नियम झाला. (सेटला ते भाग्य अजून नाही, पण हे मीटिंगमध्ये बोलायचं नाही.) गो (Go) या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांचं नाव तर काढूच नका, त्यांनी २०१२ च्या पहिल्या व्हर्जनपासूनच मॅपचा (म्हणजे त्यांच्या डिक्टचा) क्रम मुद्दाम बेभरवशाचा ठेवलाय, म्हणजे कुणी लिहून ठेवायच्या फंदातच पडू नये. काय तो दुष्टपणा!

आता रिलीज करा. पुढे सेटच्या आतलं काही बदललं की क्लायंटचं तिकीट येईल, "डॉक्युमेंटमध्ये ८, १०, ३ लिहिलंय, आम्हाला तसंच पाहिजे." तेव्हा नवीन जॉइन झालेल्या पोराला बसवा, आठने भागून बाकीप्रमाणे लावणारं फंक्शन लिहायला. नाव काय द्यायचं विचारलं तर सांगा, जुना_क्रम_हात_लावू_नये.