भुसावळ वाढतंय की नुसतं पसरतंय?

भाऊ, नमस्कार.

भुसावळला 'वाढतं शहर' म्हणणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच खरमरीत लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २००१ ते २०११ मध्ये शहर १ लाख ७२ हजारांवरून जेमतेम १ लाख ८७ हजारांवर गेलं, तेवढ्याच काळात जळगावात नव्वद हजारांच्या वर माणूस वाढला, मग 'वाढतं शहर' कशाला म्हणायचं? सरळ जळगावचं उपनगर म्हणा. वर नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी.

आकडे बरोबर आहेत, पण ते नगरपालिकेच्या हद्दीतले. शेजारच्या कंडारी गावाला एक चक्कर मारा. भुसावळ कुठं संपलं आणि कंडारी कुठं लागली, रिक्षावाल्यालाही सांगता यायचं नाही. जनगणनेत मात्र कंडारी वेगळी. साकेगाव, खडका, फेकरीकडे तोच प्रकार. वावरं बिनशेती झाली, मुरमाचे रस्ते पडले, प्लॉटच्या कोपऱ्यांना खुणेचे दगड, मधूनच एखादं दुमजली घर आणि बाकी सगळ्या बाभळी. घरपट्टी ग्रामपंचायतीला, बाजारहाट भुसावळला. त्यात २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे आपण दोघंही जुन्याच आकड्यांवर भांडतोय.

शहराला आत वाढायला जागा तरी कुठं होती? १८६० च्या दशकात रेल्वे आली तीच मुळी यार्ड, कारखाने, क्वार्टर असा संसार घेऊन. पुढं आयुध निर्माणी आली, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आलं. प्रत्येकाची कॉलनी वेगळी, दवाखाना वेगळा. बदलीवर आलेला माणूस नोकरीभर क्वार्टरमध्ये काढतो आणि निवृत्तीचे पैसे हातात पडले की जामनेर रोडला नाहीतर हायवेच्या पलीकडे प्लॉट बघतो. म्हणून वाढ दिसते ती घरांची. रोजगार त्या मानानं वाढला नाही, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. फक्त तेवढ्यावरून शहर थांबलंय असं मी म्हणणार नाही.

आता उपनगराचं. जळगाव चोवीस-पंचवीस किलोमीटरवर. तिथल्या एमआयडीसीत, डाळ मिलमध्ये, सरकारी कचेऱ्यांत कामाला जाणारे भुसावळकर खूप आहेत, अपडाऊनवाल्यांशिवाय सकाळची गाडी हलतच नाही. पण त्याच सकाळी उलट बाजूच्या फलाटावर उभं राहून बघा. सावदा, रावेर, बोदवड, मलकापूरकडून येणाऱ्या गाडीतून डबेवाले, पासवाले, कॉलेजची पोरं उतरतात, आणि गाडी नीट थांबायच्या आत खाली उभ्या असलेल्यांचे रुमाल जागा धरायला खिडकीतून आत पडलेले असतात. ही मंडळी काय उपनगरात येतात? आणि जळगाव स्टेशनचा कारभार रेल्वेच्या ज्या विभागाच्या ऑफिसातून चालतो, ते ऑफिस भुसावळला आहे. असलं उपनगर मी तरी दुसरं पाहिलं नाही!

पाण्यावर मात्र वाद घालत नाही. वरच्या अंगाला हतनूर धरण, शेजारून वाहणारी तापी, आणि तरी उशाला नदी नि कोरड घशाला. लेखात मी त्याला एकच ओळ दिली, कारण तो अख्खा लेख त्यातच बुडाला असता. नव्या वस्त्यांत तर घराच्या पायाआधी बोअर मारतात. बोअरला पाणी लागलं तर बांधकाम, नाहीतर प्लॉट पुन्हा दलालाकडे.