निजाम पुण्यातून हलत नाही

दोन लहान मुलांना लाडू सारखे वाटता येतात. चाळिशीतल्या दोन बाप्यांना सैन्य सारखं वाटून दाखवा.

आमचा निजाम घाटकोपरला राहतो, बाजीराव दादरला. रविवारी दोघं मुलुंडला माझ्या घरी येऊन १७२८ सालची पालखेडची मोहीम खेळतात. धातूचे १५ मिलिमीटरचे सैनिक, फासे, मोजपट्टी आणि जेवणाच्या टेबलावर आडवं टाकलेलं सहा बाय चार फुटांचं प्लायवूड. मी पंच. १८२४ साली प्रशियाच्या लष्कराने असा खेळ अधिकाऱ्यांच्या तालमीसाठी घेतला, तेव्हा पंचाचा शब्द अखेरचा असे. आमच्याकडे पंच चहा करतो.

सुटी लढाई असली की काम सोपं. स्वाराला इतके गुण, तोफेला तितके, दोन्हीकडची बेरीज जुळली की फासे टाका. मोहिमेत ती सोय नाही. निजामाकडे जड तोफखाना, बाजीरावाकडे घोडी. त्यात गोची टेबलाची. तोफेचा पल्ला टेबलावर मावतो, बाजीरावाचा वेग मावत नाही. दोन खेळ्यांत त्याचे स्वार प्लायवूड संपवून फ्रिजपाशी. म्हणजे खरा बाजीराव ज्याच्या जोरावर जिंकला, तेच आमच्याकडे बिनकामाचं.

म्हणून मी नकाशा काढला. जालना, बुऱ्हाणपूर, खानदेश, गुजरात. नकाशावर तोफा बैलांच्या चालीने जाणार, घोडी दुप्पट. निजाम उखडला. "अरे, मग माझ्या तोफा स्वस्त कर! दिवाळीपासून रंगवतोय मी त्या." रंगाचे वेगळे गुण द्या, एवढंच म्हणायचं त्याने बाकी ठेवलं.

खरं दुखणं वेगळंच. दोघांनीही इतिहास वाचलाय. निजामाने पुणं घेतलं, तरी बाजीराव तिकडे फिरकला नाही; निजामाच्याच मुलखात धुमाकूळ घालत राहिला. शेवटी निजाम पाठलागाला निघाला, जड तोफा मागे राहिल्या आणि पालखेडला बाजीरावाने त्याचं पाणी नि रसद तोडली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. आमच्या निजामाला हे सगळं तोंडपाठ. तो पुण्यात शिरला आणि मांडी ठोकून बसला. समोरून बुऱ्हाणपूर लुटलं, औरंगाबादेकडे घोडी वळली, हा शांतपणे चकली खातोय.

"पुण्यात राहावं लागतंय, हाच त्याचा तोटा धर," बाजीराव म्हणाला. पंचाला असली मतं नसतात. निदान चारचौघांत नसतात.

मी नियम केला. मुलूख जळत असताना निजाम बसून राहिला, तर दर खेळीला त्याचा महसूल आटणार. आणि बाजीराव न लढता निसटला, तर ती हार धरायची नाही.

"न लढता जिंकणार? मग मी घाटकोपरहून येतो कशाला?"

बिनतोड प्रश्न. बरोबरीची लढाई खेळणाऱ्याला हवी असते. सेनापती ती टाळण्यातच हयात घालवतो. माझ्या घरात हे दोघं एकाच माणसात येऊन बसलेले, आणि दोघांनाही न्याय हवा.

पुढच्या रविवारी माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक. वाऱ्यासारखा येणारा बाजीराव आमचा चहा दोनदा झाल्यावर, घामाघूम उगवला. उशिरापायी त्याच्या खेळ्या कापा, असा अर्ज निजामाने तोंडी दाखल केला. मी फेटाळला. मग त्याने तोफा डब्यात भरायला घेतल्या.

शेवटी मी लिलाव पुकारला. बाजीरावाची बाजू कोणालाही मिळेल. कमीत कमी खेळ्यांत निजामाला कोंडायची बोली जो लावेल, त्याची. इतके दिवस 'माझं सैन्य दुबळं' म्हणून रडणारे दोघंही सावरून बसले.

"दहा."

"आठ."

"सहा!"

"चार," निजाम म्हणाला आणि तोफांचा डबा त्याने स्वतःच दादरकडे सरकवला.

कोथिंबिरीची जुडी घेऊन आई केव्हाची दाराशी उभी होती. "चारात संपतंय ना? मग त्यालाच दे," ती म्हणाली.