आत्याच्या परसातला ‘बेल’ आणि आमचे कुंपण

सांगलीतील आत्याचे घर दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात माझ्याकडे आले, तेव्हा परसाच्या कोपऱ्यात सुमारे तीस फूट उंचीचे एक झाड जवळजवळ निष्पर्ण उभे होते. आत्या, तिच्या शेजारणी आणि श्रावणात पाने मागायला येणारी मंडळी, सारेच त्याला बेल म्हणत. त्याच सुमारास शेजारच्या प्लॉटवर चार मजली इमारत उभी राहिली, तिच्या खिडक्या थेट आमच्या मागच्या ओट्यावर उघडू लागल्या आणि आडोसा करणे भाग पडले. जागा पाहायला आलेल्या नर्सरीवाल्याने ‘वाळलेले’ झाड काढून तिथपासून सरळ रेषेत कोनोकार्पस हे परदेशी सदाहरित झाड लावायला सांगितले. तो सल्ला मी मानला नाही. झाड कोणते आहे हे कळण्याआधी, आणि त्याचे एक पूर्ण वर्ष पाहिल्याखेरीज, त्याच्यावर कुऱ्हाड चालवू नये असे माझे ठाम मत आहे. शिवाय शहरी भागात झाड तोडायचे तर महाराष्ट्राच्या 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आधी परवानगी घ्यावी लागते, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

फाल्गुनात पालवी फुटली आणि बेलाची शंका येऊ लागली. पाने त्रिदळ होती खरी, पण फांद्यांवर एकही काटा नव्हता. बेलाचे पान उजेडाकडे धरले तर त्यात तेलाचे बारीक ठिपके दिसतात आणि चुरगळले तर विशिष्ट सुगंध येतो. इथे ठिपकेही नव्हते आणि तो वासही नव्हता. चैत्रात झाड फुलांनी भरले. चार पाकळ्यांची ती फुले उमलताना पांढरी होती आणि एक-दोन दिवसांत पिवळसर होत होती. त्यांतून बाहेर झेपावणारे लांब जांभळट पुंकेसर बेलाच्या फुलात कधीच दिसत नाहीत. पुढे लांब देठांवर गोल फळे लोंबू लागली, तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना मी फांदी दाखवली आणि त्यांनी क्षणात नाव सांगितले: वायवर्ण, म्हणजे आयुर्वेदात मूतखड्यावर ज्याची साल वापरतात तो वरुण. पांढऱ्या पंखांच्या टोकांना नारिंगी पट्टा असलेल्या मोठ्या फुलपाखराच्या अळ्या याच झाडाची पाने खातात. हे झाड ओढ्या-नदीकाठचे आहे, हे ऐकल्यावर 2019च्या महापुराचाही उलगडा झाला; तेव्हा परसात पाणी साचून आत्याच्या जास्वंदी गेल्या होत्या, पण हे झाड जागचे हलले नव्हते.

मग कुंपणही याच जागेला मानवणारे निवडायचे ठरवले. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो हे खरे आहे, पण परागकणांमुळे होणारा त्रास आणि जमिनीखालच्या नळ-केबलींना मुळांचा उपद्रव ही कारणे देऊन गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. नुसत्या उंच सरळ अशोकाच्या रांगेने खालचा भाग उघडाच राहतो. शेर हे चिकाचे झुडूप दाट होते, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते आणि घरात लहान मुले आहेत.

शेवटी सखल बाजूला निर्गुडी आणि तिच्या पुढे कोयनेल लावली, कारण दोन्हींना पाणी सोसते. निर्गुडी बुंध्याशी विरळ राहते, ती उणीव कोयनेल भरून काढते. उंचवट्यावर, भर उन्हात मेंदी आहे. वायवर्णाच्या सावलीत अडुळसा घातला, मात्र तिथे सलग चर न खणता मुळे चुकवून सुटे खड्डे घेतले. रोपांत दीड फूट अंतर ठेवून दोन ओळी नागमोडी लावल्या. पहिल्या वर्षी शेंडे निर्दयपणे छाटले, हे मी आवर्जून सांगतो, कारण उंचीच्या घाईने शेंडे राखले की कुंपण खालून कायमचे पोकळ राहते. छाटताना बुंधा रुंद आणि माथा अरुंद ठेवला, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते.

आज कुंपण छातीएवढे झाले आहे. वरच्या मजल्यांच्या खिडक्या अजून दिसतात, पण त्या बाजूला चैत्रापासून वायवर्णाचीच दाट पाने आडोसा करतात. हिवाळ्यातले मोकळे दिवस आम्ही सोसायचे ठरवले आहे. येत्या पावसाळ्याच्या तोंडावर अडुळशाची छाटणी करणार आहे. त्याच्या फांट्या सहज जगतात, तेव्हा सांगली-मिरजेत कुणाला हव्या असतील तर खाली लिहावे, मी त्या ओल्या गोणपाटात बांधून ठेवीन.