मारानाथा आणि दहा हजार लिटर

मी आमच्या सोसायटीच्या टँकर समितीचा एकमेव सदस्य आहे. निवडणूक वगैरे झाली नाही. सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी होती, मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गेलो होतो, आणि परत येईपर्यंत एकमताने निवडून आलो होतो. "तुम्ही चर्चला जाणारी माणसं, पैशाला चोख," असं चेअरमननी वर समजावलं.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांनी आमचे फ्लॅट फक्त जाहिरातीत पाहिलेत त्यांच्यासाठी एवढंच, की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचं जंगल आणि नळाला हवा. ठाणे हे तलावांचं शहर आहे, हे आम्ही पाहुण्यांना सांगतो आणि त्यांना अर्धा ग्लास पाणी देतो.

टँकर सकाळी पावणेसहाला येतो. खाली उतरायचं, मागच्या शिडीने वर चढायचं, झाकण उघडून तो गळ्यापर्यंत भरलाय का ते बघायचं. मग पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडायचा. टाकीत बांबू बुडवायचा, बाहेर काढायचा आणि ओल कुठल्या खुणेपर्यंत आलीय ते पाहायचं. बांबूवर मीच खिळ्याने खुणा केल्यात. शेवटी पुन्हा वर चढून टॉर्चच्या उजेडात टँकरचा तळ बघायचा, कारण शंभर-दोनशे लिटर पोटात ठेवून निघायची कला प्रत्येक ड्रायव्हरला अवगत असते. तळ दिसला की चलनावर सही. पंचवीस मिनिटं जातात.

तर अशा माणसाने उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, मौन धरायचं ठरवलं.

आम्ही मूळचे वसईचे. आमच्याकडे उपवासकाळ म्हणजे काय सोडणार, हा प्रश्न राखेच्या बुधवारच्या, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीपासून घरात फिरत असतो. कोणी चहा सोडतं, कोणी सिरियल. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. वसईच्या माणसाला पापलेट खाऊन पश्चात्ताप करायला सांगणं ही चर्चची खास मेहेरबानी म्हटली पाहिजे. मी दरवर्षी साखर सोडायचो आणि पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, दोन किलोने जड निघायचो. यंदा वेगळं काहीतरी करावं म्हटलं.

निमित्त झालं एका प्रवचनाचं. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लागली, "तू माती आहेस" हे ऐकून झालं, आणि मग फादरनी जॉन मेनची गोष्ट सांगितली. हा माणूस बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाचा संन्यासी होण्याआधी 1950 च्या दशकात मलायात (आताच्या मलेशियात) सरकारी नोकरीत होता. तिथे त्याला स्वामी सत्यानंद भेटले. एक शब्द धर, सकाळ-संध्याकाळ शांत बसून मनात म्हणत राहा, असं स्वामींनी शिकवलं. पुढे वाळवंटातल्या प्राचीन ख्रिस्ती साधूंच्या लिखाणात त्याला हीच रीत सापडली. त्याने शब्द सुचवला 'मारानाथा'. चार अक्षरं, चारही सारख्या वजनाची. अर्थाचा विचार करायचा नाही, नुसतं ऐकायचं. सकाळी वीस-तीस मिनिटं, संध्याकाळी तेवढीच.

आमच्या शेजारच्या काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे जपच की. एवढं मलायाला कशाला जायचं?"

गुरुवारी साडेपाचला उठलो. मेणबत्ती लावली. खुर्चीत ताठ बसलो. मा-रा-ना-था. मा-रा-ना-था. बरं चाललं होतं. आपण एवढे शांत असू शकतो याचं मनातल्या मनात कौतुकही करून झालं. तेवढ्यात खालून गाडी मागे घेतल्याचा हॉर्न सुरू झाला. टीं-टीं-टीं-टीं. तोही चार ठोक्यांचा, चारही सारख्या वजनाचे. मी शब्द म्हणतोय की हॉर्न, हेच कळेना. त्यात 'मारानाथा' म्हणजे अरामी भाषेत 'प्रभो, ये'. खरं तर ही आगमनकाळाची, नाताळच्या आधीची हाक. संत पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी ती आहे. मी डोळे मिटून "ये, ये" करत होतो आणि खाली एक जण इमानदारीने येत होता.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "तुमचा प्रभू गेटवर थांबलाय. वॉचमन चावी मागतोय."

वेळ बदलून पाहिली. साडेचारला बसलो तर सहाला जाग आली, मान वाकडी. संध्याकाळी वरच्या मजल्यावर तबल्याचा क्लास असतो. म्हणून रविवारी भर दुपारी बसलो. त्यावर फादर नंतर हसले. म्हणाले, चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा साधू होता, त्याने दुपारच्या या भुताचं वर्णन करून ठेवलंय. दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा सूर्याकडे बघतो, जेवायची वेळ किती लांब आहे ते मोजतो, खोलीबाहेर डोकावून कोणी बंधू गप्पा मारायला येतोय का ते पाहतो. मी गप्प बसलो. कारण त्या दुपारी मी बारा सात, बारा नऊ आणि बारा दहाला मोबाइल पाहिला होता, आणि कुरिअरवाला आला तेव्हा त्याला बसा म्हणालो होतो.

"फादर, डोळे मिटले की टँकर दिसतो," मी शेवटी कबूल केलं.

मला वाटलं रागावतील. तर त्यांनी अविलाच्या संत तेरेजाचं नाव काढलं. ही स्पेनची, 1515 सालचा जन्म, कार्मेलाइट जोगिणींच्या मठातली. प्रार्थना म्हणजे बाग शिंपणं, असं ती सांगते, आणि शिंपायचे चार प्रकार. पहिला, विहिरीतून बादली ओढायची. घाम जास्त, पाणी थोडं. दुसरा, रहाट. कष्ट कमी, पाणी जास्त. तिसरा, नदीचं नाहीतर ओढ्याचं पाणी वळवायचं. आणि चौथा, पाऊस. त्यात माळ्याला काहीच करायचं नसतं.

हे ऐकून मी फादरपेक्षा जास्त खूश झालो. कारण रहाट मी पाहिलाय. आजोबांच्या केळीच्या वाडीत होता. त्याचा कुरकुर आवाज, पोहऱ्यांतून सांडणारं निम्मं पाणी आणि ते निम्मंही केळीलाच जातं म्हणून न चिडणारे आजोबा. सोळाव्या शतकातली स्पॅनिश जोगीण माझ्या आजोबांच्या वाडीबद्दल बोलत होती!

पण टँकर कुठल्या प्रकारात बसतो? बाईंना तो ठाऊक नव्हता. फोन करायचा, पैसे मोजायचे, आणि दुसऱ्याच्या विहिरीतलं पाणी स्वतःच्या टाकीत ओतून घ्यायचं. ओढायचं नाही, वाट बघायची नाही. रात्री अंथरुणात विचार केला, तर मोबाइलवरची तीन ध्यानाची अॅप, सकाळी फॉरवर्ड येणारी चिंतनं, गाडीत ऐकायची प्रवचनं, हा सगळा माझा टँकरच होता. (वसईकराने टँकरची फार बाजू घेऊही नये. आमच्याकडच्या विहिरी टँकरनी उपसल्या जात होत्या म्हणूनच तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसई चळवळीत माणसं रस्त्यावर उतरली. तेव्हा आम्ही देणाऱ्या टोकाला होतो. आता पाइपच्या दुसऱ्या टोकाला मी उभा आहे, बांबू घेऊन.)

पाचव्या आठवड्यात टँकर दोन दिवस आलाच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावापुढे प्रश्नचिन्हं. बी विंगच्या वहिनींनी रिकाम्या बादलीचा फोटो टाकला, खाली फक्त हात जोडलेले. तिसऱ्या सकाळी टीं-टीं-टीं-टीं ऐकू आलं आणि मी जिन्यातून ओरडत उतरलो, "आलेलुया!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: उपवासकाळात हा शब्द चर्चमध्ये बंद असतो. गात नाहीत, म्हणत नाहीत. पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीच्या जागरणात तो पुन्हा उघडतो, म्हणूनच तेव्हा अंगावर काटा येतो. आणि मी तो दहा हजार लिटरवर, हाफ पँटमध्ये, लिफ्टसमोर खर्च करून बसलो.

त्या जागरणाच्या रात्री दिवे मालवले, मोठी मेणबत्ती पेटली, फादरनी पाणी आशीर्वादित केलं. सगळे माना खाली घालून होते. मी पिंपाकडे बघून सवयीने अंदाज घेतला: साठ लिटर, वरून चार बोटं कमी.

मग ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीचा पेन्टेकॉस्टचा सण झाला, फादरच्या अंगावरचा लाल झगा उतरून हिरवा चढला. सामान्य काळ. वर्षातला हा सर्वांत लांबलचक काळ. सण नाही, उपास नाही, कॅलेंडरवर नुसतं हिरवं. येऊरही तेव्हाच हिरवं होतं, यात रोमचा हात नसावा.

जुलैत चार दिवस पावसाने दार ठोठावणं थांबवलंच नाही. पालिकेचं पाणी पूर्ण दाबाने आलं. टँकर बंद केला.

पाचव्या दिवशी साडेपाचला बसलो. मा-रा-ना-था. पाऊस सोडला तर आवाज नाही. तबला झोपलेला, घर झोपलेलं. मा-रा-ना-था. पावणेसहाला माझे डोळे आपोआप उघडले. कान गेटकडे. काही नाही. पाच मिनिटं थांबलो. मग छत्री घेतली, बांबू घेतला, खाली गेलो.

वॉचमन म्हणाला, "साहेब, आज कोणी येणार नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि झाकण उघडलं. बांबू आत सोडायची वेळच आली नाही, पाणी थेट ओठाशी होतं. मी खिशातलं पेन काढलं. सही कुठे करायची ते कळेना.